गाडी दारात येण्याआधी: चारचाकीच्या कर्जावरून नवरा-बायकोचं जमत नसेल तर



आजचा धडा थोडा घरातला आहे. धंद्यासाठी कर्ज घ्यायचं म्हटलं की आपण बँक मॅनेजर काय म्हणेल याची तयारी करतो. घरातला माणूस काय म्हणेल याची तयारी कुणी करत नाही. आणि खरं सांगतो, बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात गाडीची फाईल बँकेत जितकी अडते, त्यापेक्षा जास्त ती स्वयंपाकघरात अडते. नवरा म्हणतो, "अगं, चारचाकी असल्याशिवाय धंद्यात कुणी विचारत नाही." बायको म्हणते, "अहो, हप्ता कुठून भरणार ते आधी सांगा." मग आवाज वाढतो, सासूबाई मध्ये पडतात, मेव्हण्याच्या गाडीचा विषय निघतो, आणि चार दिवस घरात अबोला.

कधी हे उलटंही असतं. मसाले, पापड, शेवया, कडक भाकरी असा धंदा बायकोचा असतो, तिला माल पोचवायला टेम्पो हवा असतो, आणि नवरा म्हणतो, "बचत गटाचं कर्ज फिटलं नाही, अजून एक कशाला?" या लेखात मी दोन्ही बाजू धरून बोलणार आहे. वही-पेन घेऊन बसा, आणि जमलं तर दोघं मिळून वाचा.

पहिला प्रश्न: आपण कोणत्या गाडीबद्दल भांडतोय?

हे विचित्र वाटेल, पण बऱ्याच घरांत दोघं वेगवेगळ्या गाड्यांबद्दल भांडत असतात. एकाच्या डोक्यात पांढऱ्या पाटीची पाच सीटची कार असते. लग्नाला, देवाला, दवाखान्याला, आणि जमलं तर डिकीत माल. दुसऱ्याच्या डोक्यात माल वाहणारी गाडी असते. शब्द मात्र एकच, "गाडी".

हा फरक नुसता पसंतीचा नाही, कागदाचाही आहे. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापराची. ती भाड्याने फिरवता येत नाही. फिरवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. पिवळ्या पाटीच्या गाडीला दर ठरावीक काळाने फिटनेस काढावा लागतो: पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी एकदा, त्यानंतर दरवर्षी. विमाही वेगळ्या दराने. पण मालवाहू गाडीचं भरलेलं एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे परमिट लागत नाही, आणि ही सूट छोट्या धंदेवाल्याला मोठी आहे. लायसनचं म्हणाल, तर सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचं लायसन असलेला माणूस ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडीही चालवू शकतो, वेगळा शेरा लागत नाही. म्हणजे "आपल्याला ड्रायव्हर ठेवावा लागेल" ही भीती अनेक घरांत उगाच असते.

आपल्या भागात राहून मालवाहू गाडीकडे कमीपणाने बघणारे लोक मला कळत नाहीत. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. ॲपे तिथे बनते आणि देशभर जाते. हजारो छोट्या धंद्यांचा पहिला घोडा हीच तीनचाकी आहे. तो कारखाना दारात असताना आपण मात्र पहिलं मोठं कर्ज काढतो ते पांढऱ्या कारसाठी.

तर आज रात्री बसलात की पहिलं वाक्य लिहा: "ही गाडी महिन्यातले किती दिवस धंद्यासाठी चालेल?" नवऱ्याने वेगळं लिहायचं, बायकोने वेगळं. मग दोन्ही आकडे शेजारी ठेवा. एकाने २० लिहिले आणि दुसऱ्याने ४, तर तुमचं भांडण कर्जाचं नव्हतंच.

कारचं गणित

उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. शोरूम किंमत ७ लाख, टॅक्स-विमा धरून रस्त्यावर येईपर्यंत साधारण ८ लाख. दीड लाख डाउन पेमेंट, साडेसहा लाख कर्ज, व्याज साडेनऊ टक्के.

सात वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता १०,६२४ रुपये. एकूण व्याज जातं सुमारे २ लाख ४२ हजार. पाच वर्षं घेतली तर हप्ता १३,६५१ आणि व्याज सुमारे १ लाख ६९ हजार. म्हणजे महिन्याला तीन हजार कमी भरायच्या सोयीसाठी आपण ७३ हजार जास्त देतो. शोरूमवाला तुम्हाला फक्त "हप्ता कितीला बसतो" तेच सांगणार. त्याचं कामच ते आहे.

आता हे बघा, हे कुणी सांगत नाही. विमा कंपनी गाडीची किंमत दरवर्षी कमी धरते. दोन वर्षं झाली की शोरूम किमतीतून ३० टक्के वजा, तीन वर्षांनंतर ४०, चार वर्षांनंतर ५०. आपल्या ७ लाखांच्या गाडीची किंमत दोन वर्षं उलटल्यावर विम्याच्या कागदावर ४ लाख ९० हजार. आणि सात वर्षांच्या कर्जात दोन वर्षं हप्ते भरून बाकी किती राहते? सुमारे ५ लाख ६ हजार. म्हणजे देव न करो, पालखी मार्गावर गाडीचा पूर्ण चुराडा झाला, तर विम्याचे सगळे पैसे बँकेला देऊनही तुम्ही देणंच लागता, आणि दारात गाडी नाही. बायको "मला भीती वाटते" म्हणते ना, त्या भीतीला हा आकडा आहे. तिला तो मांडता येत नाही, म्हणून ती नुसतं "नको" म्हणते आणि आपण म्हणतो, बायकांना धंद्यातलं कळत नाही.

नवऱ्याची बाजूही घेतो. पाहुण्यांकडे, दवाखान्यात, बाजारात दर वेळी दुसऱ्याची गाडी मागणं हा माणसाच्या मनाला रोज लागणारा खडा असतो. त्याला हसू नका. पण त्याला नाव द्या: "ही गाडी घरासाठी आहे, धंद्यासाठी नाही." असं सरळ म्हटलं की निम्मं भांडण मिटतं, कारण मग गणित वेगळं मांडायचं असतं. घराची गाडी घराच्या बचतीतून. तिचा हप्ता धंद्याच्या गल्ल्यातून जायला लागला की धंदा लंगडतो, आणि का लंगडतोय ते वहीत दिसतही नाही.

"अगं, धंद्याच्या नावावर घेतली की टॅक्स वाचतो," हे वाक्यही ऐकलं असेल. तपासून बघा. तुम्ही ४४एडी कलमाखाली अंदाजे नफा दाखवून रिटर्न भरत असाल, तर घसारा त्यातच धरलेला असतो, वेगळा मिळत नाही. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर तसाही कर लागत नाही. आणि कारवर भरलेला जीएसटी सामान्य धंद्याला परत मिळत नाही. मालवाहू गाडीवरचा मिळू शकतो, पण तुम्ही नियमित जीएसटीत असाल तरच. कंपोझिशनमध्ये असाल तर नाही. जो कर तुम्ही भरतच नाही, तो वाचणार कुठून? मात्र एक खरं: २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कार, तीनचाकी आणि मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्याआधीचं कोटेशन घेऊन कुणी वाद घालत असेल तर नवीन मागवा.

मालाच्या गाडीचं गणित: फेऱ्या मोजा

आता लासुर्ण्याजवळच्या एका घराची कल्पना करू. ताईंचा मसाले आणि कडक भाकरीचा धंदा. माल बारामतीला, कधी इंदापूरला जातो. सध्या टेम्पो भाड्याने, एका फेरीचे ९०० रुपये. त्यांना अडीच लाखांचं कर्ज काढून तीनचाकी घ्यायची आहे. नवरा नको म्हणतोय.

अडीच लाख, १२ टक्के, चार वर्षं: हप्ता ६,५८३ रुपये. विमा, फिटनेस वगैरे महिन्याला १,५०० धरू. टायर, सर्व्हिसिंग, किरकोळ कामं यांना १,५००. गाडी दारात उभी राहिली तरी जाणारे झाले ९,५८३. शिवाय दर फेरीला डिझेल ३०० रुपये. भाड्याचे ९०० वाचतात, डिझेलचे ३०० जातात, म्हणजे प्रत्येक फेरीत ६०० सुटतात. ९,५८३ ला ६०० ने भागा. उत्तर येतं १६.

म्हणजे महिन्याला १६ फेऱ्यांच्या खाली असाल तर भाड्याचा टेम्पो परवडतो. १२ फेऱ्या असतील तर भाडं १०,८०० आणि स्वतःची गाडी १३,१८३. नवरा बरोबर. २० फेऱ्या असतील तर भाडं १८,००० आणि स्वतःची १५,५८३. बायको बरोबर. आणि यात गाडी चालवणाऱ्याची मजुरी धरलेली नाही, ती पण धरा. "मीच चालवणार" म्हणणाऱ्या नवऱ्याचे ते दिवस शेतातून जातात.

गंमत बघा. कोण बरोबर हे ना नवरेपणावर ठरलं, ना बायकोपणावर. फेऱ्यांच्या वहीवर ठरलं. ती वही तुमच्याकडे आहे का? नसेल तर आजपासून दोन महिने फक्त एवढंच लिहा: तारीख, कुठे गेलो, भाडं किती दिलं, आणि कोणती ऑर्डर गाडी नसल्याने हुकली. शेवटचा रकाना महत्त्वाचा. कारण कधी कधी फेऱ्या कमी असतात त्या गाडी नाही म्हणूनच. पण हुकलेली ऑर्डर म्हणजे फोन आलेला, नाव असलेलं गिऱ्हाईक. "गाडी आली की धंदा वाढेल" हा नुसता अंदाज त्या रकान्यात लिहायचा नाही.

कर्ज कुठून हा पुढचा मुद्दा. एप्रिल २०१५ पासून चालू असलेल्या मुद्रा योजनेत मालवाहू तीनचाकी आणि छोट्या टेम्पोसाठी कर्ज मिळतं. ५० हजारांपर्यंत शिशू, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण. आणि तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. दुसरं तारण मागत नाहीत. घरच्या कारला मुद्रा नाही.

आणि व्याजदर विचारताना एक प्रश्न तोंडपाठ ठेवा: "साहेब, फ्लॅट की घटत्या शिलकीवर?" अडीच लाख चार वर्षांसाठी ८ टक्के फ्लॅट म्हटलं की स्वस्त वाटतं. व्याज होतं ८० हजार, हप्ता ६,८७५. वरच्या १२ टक्क्यांच्या कर्जाचा हप्ता ६,५८३ होता! ८ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर १४ टक्क्यांच्याही वर जातं. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो वा फायनान्स कंपनी, अशा कर्जाच्या आधी त्यांनी तुम्हाला "की फॅक्ट स्टेटमेंट" द्यायलाच हवं. त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तो कागद घरी आणा आणि बायकोला वाचायला द्या. नवऱ्याने घाईत सही केलेल्या ओळी बायकोच्या नजरेतून सुटत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

हप्ता महिन्याचा, पैसा हंगामाचा

आपल्या दोन तालुक्यांचं खरं दुखणं इथे आहे. पुण्यातल्या नोकरदाराला एक तारखेला पगार येतो आणि पाच तारखेला हप्ता जातो. आपल्याकडे? माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा, ज्या कारखान्याला ऊस घालाल त्याचं बिल हंगामातच येणार. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस कारखान्याला घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असं लिहिलंय, पण ऊस तुटायला हवा ना आधी. तोडणी लांबली की बिल लांबलं. डाळिंबाचा बहार एकदा, पेरूचा बहार एकदा. भिगवणच्या बाजारात मासळी आणणाऱ्याची कमाईसुद्धा उजनीच्या पाण्याबरोबर खालीवर होते. नियमित येणारा पैसा म्हणजे दुधाचं दहा दिवसांचं बिल, आणि एमआयडीसीत कुणी कामाला असेल तर त्याचा पगार.

आता घरात दुधाचं बिल बहुतेक वेळा कुणाच्या हातात असतं? किराणा, शाळा, औषधं त्यातून कोण भागवतं? म्हणूनच बायको हप्त्याला घाबरते. नवरा उसाच्या बिलाचा आकडा डोळ्यासमोर ठेवून "वर्षाला सव्वा लाख, काय अवघड आहे?" म्हणतो. तिला माहीत असतं की जून ते ऑक्टोबर हप्ता दुधातून जाणार. दोघंही खोटं बोलत नाहीत. एक वर्षाचा हिशोब करतोय आणि एक महिन्याचा, आणि हप्ता महिन्याने कापला जातो.

यावर दोन उपाय. पहिला: बँकेत सरळ विचारा की शेतीच्या उत्पन्नावर सहामाही किंवा हंगामी हप्ता बांधून मिळेल का. ट्रॅक्टरला ही पद्धत रुळलेली आहे. गाडीसाठी प्रत्येक बँक देईलच असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. उसाचं बिल आलं की सहा हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची आणि हप्ता त्या खात्यातून कापायला लावायचा. त्या खात्याचं एटीएम कार्ड बायकोकडे. हो, बायकोकडे.

रंगीत तालीम

नाटकवाले तालीम केल्याशिवाय पडदा उघडत नाहीत. तुम्हीही हप्त्याची तालीम करा. कर्ज घ्यायच्या आधी सहा महिने, जो हप्ता बसणार आहे तेवढी रक्कम दर महिन्याच्या पाच तारखेला आरडीत भरायची. आपल्या उदाहरणात १०,६२४. एकही महिना चुकवायचा नाही, आणि त्यासाठी बचत गटातून किंवा भावकीतून उचल घ्यायची नाही. शक्य असेल तर ही तालीम पावसाळ्याचे महिने धरून करा. हंगामात कुणीही भरेल.

सहा महिने जमलं तर ६३,७४४ रुपये साठले. ते डाउन पेमेंटमध्ये घाला, हप्ता हजारभर रुपयांनी खाली येईल. आणि नाही जमलं, तिसऱ्या महिन्यात दुधाच्या बिलातून ओढाताण झाली, तर काय गेलं? काहीच नाही. पैसे तुमचेच आहेत, सिबिलला धक्का नाही, दारात वसुलीवाला नाही.

ज्या जोडप्यांचं तोंडी पटत नाही त्यांना मी हाच उपाय सांगतो. यात कुणाला हरवावं लागत नाही, पाच तारीख दोघांचीही परीक्षा घेते. नवऱ्याला वाटत असेल की जमेल, तर त्याने दाखवावं. बायकोला वाटत असेल की जमणार नाही, तर तिने सहा महिने थांबावं, टोमणे न मारता.

सोनं आणि सही

आता जरा नाजूक भाग. डाउन पेमेंट कुठून? बऱ्याच घरांत नजर जाते ती कपाटातल्या डब्याकडे. "नुसतं गहाण ठेवू गं, सहा महिन्यांत सोडवून आणतो."

ताईंनो, आणि दादांनो तुम्हीही ऐका. लग्नात आणि लग्नाआधी-नंतर बाईला मिळालेले दागिने हे तिचं स्त्रीधन. ते नवरा-बायकोचं सामायिक नाही, तिचं एकटीचं. सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात हे सांगितलं आणि एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं: अडचणीच्या वेळी नवरा ते वापरू शकतो, पण परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. गाडीचं डाउन पेमेंट ही अडचणीची वेळ आहे का, हे तुम्हीच ठरवा. माझं मत विचाराल तर, धंद्याच्या गाडीसाठी तिने स्वतः राजीखुशीने दिलं तर ठीक, पण वजनासह लिहून ठेवा आणि सोडवण्याची तारीख ठरवा. पांढऱ्या कारसाठी सोनं मोडू नका. किंमत उतरणारी वस्तू घेण्यासाठी अडचणीत उभी राहणारी वस्तू देऊन बसायचं, हा व्यवहारच उलटा आहे. सोनंही गहाण आणि गाडीही गहाण, म्हणजे एकाच वस्तूवर दोन व्याजं.

सहीचं असंच. "इथे सही कर" म्हणून कागद पुढे येतो आणि ती करते. कशावर केली ते विचारा. सहकर्जदार म्हणून केली तर कर्ज तिचंही आहे, पहिल्या हप्त्यापासून. जामीनदार म्हणून केली तरी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. बँक आधी नवऱ्याकडे जाईल आणि मग तिच्याकडे, असा काही नियम नाही. दोन्ही बाबतीत हप्ता थकला तर तिचाही सिबिल खराब होऊ शकतो. उद्या तिलाच मुद्रातून तीनचाकी घ्यायची असेल तेव्हा तो आडवा येतो. तिने सहीच केली नसेल तर तिच्या पगारावर किंवा तिच्या नावच्या खात्यावर त्या कर्जाचा हक्क नाही.

याचा अर्थ बायकोने सही करूच नये असं मी म्हणत नाही. सही करायची तर आरसीवर नाव कुणाचं, धंद्यातला तिचा हिस्सा किती, हेही त्याच बैठकीत ठरू द्या. देणं दोघांचं आणि गाडी एकट्याची, असं नको.

हप्ते थकले तर काय होतं तेही आधीच बोलून घ्या. गाडी ओढून नेली आणि लिलावात कमी पैसे आले तर उरलेली रक्कम तुमच्याच नावावर राहते. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, जबरदस्ती करता येत नाही, हे माहीत असू द्या. पण माझा सल्ला, गोष्ट तिथवर जाऊ देऊ नका. दोन हप्ते अडणार असं दिसलं की स्वतः शाखेत जा.

बोलायचं कसं?

सुधा मूर्तींचा किस्सा बहुतेकांना माहीत आहे. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू करायची होती तेव्हा त्यांनी आपल्या बचतीतले १०,००० रुपये नारायण मूर्तींना दिले. लोक हा किस्सा "बायकोने साथ दिली" म्हणून सांगतात. मी दुसरी बाजू बघतो. त्यांनी मुदतही घातली होती: तीन वर्षं घर मी चालवते, तेवढ्यात करून दाखवा. रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली, घरखर्चाची जबाबदारी कुणाची तेही ठरलेलं. गाडीच्या बाबतीत आपण हे तिन्ही ठरवत नाही आणि वर साथ मागतो.

तेव्हा बसताना सासू-सासरे, दीर, मेव्हणा यांना आधी बाजूला ठेवा. त्यांचा मान मोठा, पण हप्ता ते भरणार नाहीत. शोरूमला जायच्या आधी बसा. टेस्ट ड्राइव्ह झाली की डोकं चालत नाही. आणि दसरा-पाडव्याच्या मुहूर्ताची घाई करू नका, गाड्या वर्षभर मिळतात. "तू कधी माझ्या धंद्याला पाठिंबा दिलास?" हे वाक्य त्या दिवशी बंद. नको म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "काय झालं तर तू हो म्हणशील?" उत्तर बहुतेक वेळा साधं असतं. बचत गटाचं कर्ज आधी फेडा. पोराच्या फीचे पैसे बाजूला काढा. सेकंड हँड घ्या. मला विचारून घ्या. शेवटचं उत्तर जितक्या वेळा येतं तितकं आपल्याला वाटतही नाही.

आणि तरीही नाहीच पटलं तर? मग गाडी थांबवा. ज्याला नको आहे त्याचं मत त्या दिवसापुरतं जड धरा. कारण घेतलेलं कर्ज मागे घेता येत नाही, न घेतलेलं पुढच्या दिवाळीलाही घेता येतं. फक्त "नाही" म्हणणाऱ्यानेही एक तारीख द्यायची, पुन्हा कधी बसायचं त्याची.

गाडी घेतलीच तर

आरसीवर बँकेचा बोजा चढतो, सातबाऱ्यावर चढतो तसाच. शेवटचा हप्ता गेला म्हणजे तो आपोआप उतरला असं समजू नका. बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या, आणि तो बोजा आरटीओत उतरवून घ्या. आपल्या दोन्ही तालुक्यांना बारामतीचं एमएच-४२ हेच ऑफिस. मधे पैसे हातात आले आणि कर्ज लवकर फेडायचं असेल तर दर फिक्स आहे की फ्लोटिंग ते बघा. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या किंवा नूतनीकरण होणाऱ्या फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक कर्जांवर मुदतपूर्व फेडीचा चार्ज लावता येत नाही. गाडीची बरीच कर्जं फिक्स दराची असतात, तिथे करारात जे लिहिलं असेल ते लागू.

कर्जाची फाईल, की फॅक्ट स्टेटमेंट, विम्याची पॉलिसी आणि गाडीची दुसरी किल्ली, हे सगळं दोघांना माहीत असलेल्या एका जागी ठेवा. फेऱ्यांची वही मात्र गाडीतच राहू द्या, पुढच्या कप्प्यात, पेनसकट.